दीडशे झाली की गाडी घराबाहेर

आमच्याकडे पाहुणा आला की आधी मोटरसायकलला वळसा घालायचा, मग बसायचा. कसब्यात तळमजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक दिवाण, एक टीव्ही आणि मधोमध माझी गाडी. अडीचशे सीसीची, टू-स्ट्रोक, एका पिस्टनला दोन सायलेन्सर. ज्या कंपनीने ती बनवली ती कंपनी कधीच बंद पडली. गाडी बंद पडली नाही, कारण ती माझ्याकडे होती.

गाडी पहिल्यापासून घरात नव्हती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बोळातून कोणीतरी तिचा कार्बोरेटर काढून नेला. त्या दिवशी मी गाडी आत घेतली आणि बायकोला सांगितलं, दोन दिवसांपुरती. त्या दोन दिवसांत तिने चाळीस वर्षं संसार केला.

मी शिकलेला नाही. सातवीला मास्तरांनी वडिलांना बोलावून सांगितलं की याचं डोकं चालत नाही. हात चालायचा. पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागलो आणि टर्नर म्हणूनच निवृत्त झालो. मेकॅनिक मी कोणाचाच नाही. दुसऱ्याच्या गाडीला हात लावत नाही आणि माझ्या गाडीला दुसऱ्याला लावू देत नाही. लोक पत्ते खेळतात, देवदेव करतात, शेअर घेतात. मला एकच वेड. ही गाडी किती पळते. कंपनी म्हणायची, ताशी एकशे वीस. मला दीडशे पाहिजे होती. कशाला पाहिजे, असं पुष्कळांनी विचारलं. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्याला कोणी विचारत नाही की वर काय विसरून आलास.

बायकोने मात्र एकदा विचारलं. मी म्हटलं, एकदा दीडशे झाली की बास. ती म्हणाली, "दीडशे झाली की गाडी घराबाहेर. द्या शब्द." मी दिला. मला वाटलं, वर्षाभराचा प्रश्न आहे.

गेल्या वर्षी ती गेली. आजारपण फार लांबलं नाही. भेटायला येणारे लोक गाडीला वळसा घालून दिवाणावर बसायचे, रडायचे, पुन्हा वळसा घालून जायचे. तिच्या माहेरचे एक गृहस्थ निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आता तरी ही गाडी काढा, घर मोकळं होईल. मी म्हटलं, अजून दीडशे झाली नाही. त्यांनी माझ्या मुलीला बाजूला नेऊन सांगितलं की बाबांकडे लक्ष ठेव.

गाडी बाहेरच्या खोलीत असली तरी तिचं इंजिन वर्षातून एकदा स्वयंपाकघरात जायचं. इंजिनाची खालची पेटी ॲल्युमिनियमची असते. तिच्यात दोन मोठी बेअरिंग बसवायची असतात. भोक जरा लहान, बेअरिंग जरा मोठं. हातोडी मारून बसवायला गेलात तर पेटी तडकते. म्हणून पेटी तापवायची म्हणजे भोक फुगतं, बेअरिंग गार करायचं म्हणजे ते आकसतं. मग ते अलगद आत पडतं, चहात बिस्किट पडावं तसं. तापवायला आमच्याकडे गॅस आणि बिडाचा तवा होता. गार करायला फ्रिज. बर्फाच्या कप्प्यात खोवलेल्या नारळाशेजारी माझी बेअरिंग असायची. आधी उघडी असायची, नंतर पिशवीत. एका वर्षी करंज्यांना ग्रीसचा वास आला आणि ती भाऊबीज जरा शांततेत पार पडली, म्हणून पिशवी.

पेटी किती तापली ते ती सांगायची. भाकरीच्या तव्यावर पाण्याचा शिपका मारून बघतात तसा ती इंजिनाच्या पेटीवर मारायची. पाणी नुसतं वाफाळलं तर "थांबा." थेंब मण्यांसारखे नाचायला लागले तर जास्त झालं, गॅस बारीक. चर्र करून एकदम उडून गेलं की म्हणायची, "आता." मी बेअरिंग सोडायचो आणि ते टक् करून बसायचं. तो तवा इंजिनाचा. भाकरीचा वेगळा. इंजिनाचा तवा दाराआड वेगळ्या खिळ्याला टांगलेला असायचा आणि त्यावर तिने कधी पोळीसुद्धा शेकली नाही.

वेग बघायचा तर सरळ रस्ता लागतो. तेव्हा मांजरी गावाकडे उसाच्या शेतांतून एक होता. सकाळी लवकर गेलं की बैलगाडीशिवाय त्यावर काही नसायचं. मी तिला मागे बसवून जायचो, चाळीसच्या वेगाने, कारण काटा त्याच्या पुढे गेला की ती पाठीत बोट खुपसायची. रस्त्याच्या पार शेवटी, जिथे शेतातून एक आडवी वाट यायची, तिथे तिला उतरवायचो. तिचं काम आडवी बैलगाडी आली तर अडवायची. थंडी असायची म्हणून साडीवर मोरपिशी स्वेटर. स्वतः विणलेला, एक बाही दुसरीपेक्षा लांब. मग मी मागे जायचो आणि तिथून ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळून सुटायचो. डोळ्यांतून पाणी यायचं, हँडल थरथरायचं, आणि लांबवर मोरपिशी ठिपका दिसला की मी मूठ सोडायचो. तिथपर्यंत काटा एकशे चाळीसच्या आसपास गेलेला असायचा.

मी तिला सांगून बघितलं, जरा पुढे जाऊन उभी राहा. ती म्हणाली, "मी पुढे गेले की तुम्ही पुढे येणार, मग मला आणखी पुढे जावं लागणार. असं करत आपण सोलापूरला पोचू."

एकदा मात्र मी तिच्या पुढे गेलो. त्या वर्षी खंडेनवमीला तिने गाडीची पूजा केली. हार, हळद-कुंकू, अक्षता. हवा जास्त मिळावी म्हणून मी कार्बोरेटरच्या तोंडावरची जाळी काढून टाकलेली होती. उघडं तोंड दिसलं की आपल्या बायकांना त्यात काहीतरी घालावंसं वाटतं. तिने भक्तिभावाने चार अक्षता घातल्या. मी बघितलं नाही.

दसऱ्यानंतर मांजरीला गेलो. मूठ पिळली. मोरपिशी ठिपका दिसला, मूठ सोडली आणि वेग काही उतरेना. इंजिन तसंच ओरडत राहिलं. मी तिच्यासमोरून गेलो तेव्हा तिचा हात वर होता आणि तोंड उघडं होतं. लग्नानंतर मी तिला न जुमानता पुढे गेलो तो एकच प्रसंग, असं ती नंतर सगळ्यांना सांगायची. रस्ता वळला. मी वळलो नाही. ऊस जाड असतो, दाट असतो, पण त्याचा राग नसतो माणसावर. मी आत शिरलो आणि तो वाकत वाकत मला थांबवत गेला.

ती धावत आली. मला कुठे लागलंय ते आधी वरपासून खालपर्यंत बघितलं. मग विचारलं, "गाडीला चावी आहे ना?"

"आहे."

"मग ती फिरवून बंद होत नाही?"

मला सुचलं नव्हतं. इतकी वर्षं चालू करायचाच विचार केलेला.

घरी येऊन कार्बोरेटर उघडला. आत जो खालीवर होणारा दट्ट्या असतो त्याच्या कडेला तांदळाचा एक दाणा अडकला होता. अंगावर कुंकवाचा डाग तसाच. मी चिमट्याने काढून तिच्या हातावर ठेवला. ती बराच वेळ हसली. मग मी हळूच विषय काढला की आज दीडशे नक्की झाली असणार. ती म्हणाली, मोजली कोणी? खरं होतं. काट्याची केबल तुटून काटा शून्यावर पडला होता. "आणि झाली असली तरी उसातली धरायची नाही," ती म्हणाली.

पुढे मांजरीचा रस्ता गेला. म्हणजे रस्ता आहे, पण दोन्ही बाजूंना इमारती, मधे दुभाजक, दर दहा पावलांवर गतिरोधक. मी जिथे उसात शिरलो त्या अंगाला आज माझ्या मुलीचा फ्लॅट आहे, सातव्या मजल्यावर. मी तिच्याकडे जातो तेव्हा वॉचमन माझ्याकडे वहीत सही मागतो. मी त्याच्या आधी तिथे आलेलो आहे, पण ते त्याला सांगून उपयोग नाही.

मग हौशी लोकांच्या स्पर्धा सुरू झाल्या. धावपट्टी भाड्याने घेतात, शेवटी यंत्र लावतात आणि वेगाची चिठ्ठी देतात. मी दर वर्षी जायचो. ती दर वर्षी यायची. थंडी असो नसो, तोच स्वेटर घालून पलीकडच्या टोकाला, दोरीमागे उभी राहायची. अडवायला बैलगाडी नव्हती, पण सवय. मी कधी एकशे एक्केचाळीस करायचो, कधी बेचाळीस. मला वाटायचं, कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, चुकतोय. मोठा घातला, बारीक घातला, लेथवर स्वतः करून घातला. सायलेन्सर हाताने ठोकून नवीन केले. पिस्टन हलका केला. दर वर्षी चिठ्ठी बघून ती म्हणायची, "राहू दे घरात अजून एक वर्ष." आणि डबा उघडायची.

या वर्षी मुलीचा फोन आला. स्पर्धा आहे, आणि पुढच्या वर्षीपासून सत्तरीच्या वरच्यांना घेणार नाहीत असं तिने मोबाईलवर वाचलं होतं. मी त्र्याहत्तरचा. म्हणजे झाली तर आता, नाहीतर नाही. जिवंत बायकोला दिलेला शब्द पुढे ढकलता येतो, ती आठवण करून देत असते. गेलेल्या बायकोचं तसं नाही. ती आठवण करून देत नाही, मलाच आठवते. मी मुलीला म्हटलं, नाव घाल.

गाडीला किक मारली तर खालून खरखर आली. बेअरिंग गेलेली. नवीन बेअरिंग आणली, फ्रिजमध्ये ठेवली, इंजिन उतरवलं, पेटी मोकळी केली. दाराआड बघितलं तर खिळ्याला तवा नाही.

तेराव्यानंतर घरातल्या बायकांनी आठवण म्हणून तिची एकेक वस्तू नेली होती. मुलीला विचारलं. तिने आठवून सांगितलं, आत्याने एक तवा नेलाय. आत्या म्हणजे माझी धाकटी बहीण, खडकवासल्याला असते. मी बसने गेलो. ती थालीपीठ लावत होती, त्याच तव्यावर. तिचे यजमान समोर पानावर बसलेले.

मी म्हटलं, तवा न्यायला आलोय. ती एकदम रडवेली झाली. "दादा, वहिनीची एवढीच आठवण आहे माझ्याकडे. मी नाही देणार. आणि याच्यावर थालीपीठ काय खमंग होतं, दुसऱ्या कुठल्या तव्यावर होत नाही."

मी म्हटलं, "त्यावर आम्ही इंजिन तापवायचो."

तिचे यजमान चावायचे थांबले.

"कधी?" बहिणीने विचारलं.

"तू नेईपर्यंत."

तिने थालीपीठ उतरवलं, तवा तसाच गरम फडक्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. ते शेवटचं थालीपीठ मी बसून खाल्लं. खरंच खमंग होतं.

घरी येऊन तवा गॅसवर ठेवला, त्यावर पेटी. फ्रिजमधलं एक बेअरिंग काढून फडक्यात धरलं. दुसऱ्या हाताने पाण्याचा शिपका मारला. वाफाळलं. पुन्हा मारला. मी शिपके मारत राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की मी कोणीतरी "आता" म्हणायची वाट बघतोय. तेवढ्यात थेंब नाचायला लागले. मी घाईने बेअरिंग सोडलं आणि ते तिरकं बसलं. तिरकं बसलेलं बेअरिंग म्हणजे दारात अडकलेलं कपाट. आतही जात नाही, बाहेरही येत नाही. पेटी पुन्हा तापवून, खालून ठोकून, शिव्या देऊन काढलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यातून विचारलं, काका, काय शिजतंय? मी म्हटलं, इंजिन. त्या म्हणाल्या, बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी तेच बेअरिंग धुऊन पुन्हा गार केलं. नवीन आणायला पाहिजे होतं, पण जुन्या गाडीची बेअरिंग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. या वेळी कोणाची वाट बघितली नाही. चर्र झालं तसा मीच मोठ्याने म्हणालो, "आता." टक् करून बसलं, मागोमाग दुसरंही. स्वतःच म्हणायचं आणि स्वतःच ऐकायचं, हे मला अजून जमत नाही, पण बेअरिंग बसलं.

स्पर्धेला डॉक्टरचा दाखला लागतो. आमचे डॉक्टर माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आणि माझ्यापेक्षा जास्त थकलेले. त्यांनी छाती तपासली, ब्लड प्रेशर बघितलं आणि म्हणाले, या वयात धावणं योग्य नाही. मी म्हटलं, मी बसून असतो, धावते ती गाडी. त्यांनी विचारलं, पडलात तर? मी म्हटलं, तो दाखला दुसरे डॉक्टर देतील. त्यांनी सही केली.

टेम्पोत गाडी घालून आम्ही मुलीच्या कारने धावपट्टीवर पोचलो तेव्हा चांगलीच थंडी होती. गावाबाहेरचं मोकळं माळरान, दोन्ही बाजूंना वाळकं गवत. नाव नोंदवायच्या टेबलावर एक पोरगा होता, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात टॅब. त्याने मला बघून सांगितलं, काका, पब्लिक पार्किंग तिकडे. मी म्हटलं, मी पळवायला आलोय. त्याने माझ्या मागे बघितलं, कोणी तरुण दिसतोय का म्हणून. मग विचारलं, रायडर कोण, मेकॅनिक कोण, मॅनेजर कोण.

मी म्हटलं, "रायडर मी, मेकॅनिक मी. मॅनेजर गेल्या वर्षी वारली."

त्याने माझ्या मुलीकडे बघितलं. मुलगी म्हणाली, माझं नाव लिहा.

चामड्याचा सूट सक्तीचा. मुलीने भाड्याने आणला होता. तिने आणि शेजारच्या तंबूतल्या दोघांनी मिळून मला त्यात भरला, गादीला अभ्रा चढवतात तसा. चेन लावताना एकजण म्हणाला, काका, श्वास सोडा. मी सोडला. परत घेता आला नाही. त्या पोरांच्या गाड्या माझ्या दोन खोल्यांच्या किमतीच्या, आवाज असा की दाढ दुखेल. पण माझ्या गाडीभोवती जास्त गर्दी. एकाने विचारलं, अंकल, हिचा टॉप स्पीड काय? मी म्हटलं, तेच बघायला आलोय, चाळीस वर्षं झाली.

निघायच्या आधी मुलीने पर्समधून हळद-कुंकवाची डबी काढली. हँडलला कुंकू लावलं, दिव्याला लावलं, आणि अक्षता चिमटीत धरून तिचा हात कार्बोरेटरच्या तोंडाकडे गेला. मी झडप घालून तोंडावर पंजा धरला.

"तिथे नको."

"तुम्हालाच दीडशे हवी आहे ना?" ती म्हणाली. आईवर गेलीये.

प्रत्येकाला दोन फेऱ्या. झेंडा पडला, मी सुटलो. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. इंजिन असं गात होतं की माझ्या बोटांना आधीच कळलं, आज होणार. सूट इतका घट्ट होता की वाकून टाकीवर छाती टेकवली की उठायची सोयच नव्हती, त्याचा फायदाच झाला. धावपट्टीच्या शेवटी दोन नारिंगी कोन, त्यांच्यामध्ये यंत्र. कोन मोठे व्हायला लागले. आणि त्यांच्या पलीकडे, दोरीमागे, मोरपिशी ठिपका.

मूठ सुटली. मी सोडली नाही, सुटली.

चिठ्ठी आली. एकशे बेचाळीस.

मुलगी धावत आली. थंडी वाजत होती म्हणून तिने जीन्सवर आईचा स्वेटर घातला होता, एक बाही लांब असलेला. कारच्या डिकीत होता, असं म्हणाली. माझं तोंड बघून तिने विचारलं, जेटचं काही झालं का.

"जेट नाही," मी म्हटलं. "तू."

"मी काय केलं?"

"तू तिथे उभी राहिलीस. तिथे ती उभी असायची. ती दिसली की मी मूठ सोडतो. इतकी वर्षं मी जेट बदलतोय."

तिने लांब असलेली बाही मनगटावर दुमडली. मग म्हणाली, "म्हणजे आईमुळे होत नव्हती?"

"आईमुळे थांबत होती," मी म्हटलं.

तिने स्वेटर काढून घडी घातली. म्हणाली, दुसऱ्या फेरीला मी जाऊन कारमध्ये बसते. काचा वर करते. मी दिसणार नाही. मला नको म्हणायचं होतं आणि बसही म्हणायचं होतं. मी म्हटलं, "बस."

दुसरी फेरी. झेंडा पडला. इंजिन तसंच गात होतं. कोन मोठे व्हायला लागले तसे डोळे सवयीने पलीकडे गेले. तिथे दोरी होती आणि गवत होतं. हात मागे यायला निघाला आणि कशासाठी यायचं ते त्याला कळेना. तो तसाच राहिला. कोन दोन्हीकडून मागे गेले, दोरी जवळ आली, आणि मग मला चावी आठवली. या वेळी सुचली.

एकशे एक्कावन्न.

पोरांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईल काढले, मला मधे उभं करून फोटो घेतले. टॅबवाला पोरगा म्हणाला, काका, लेजंड. त्याचा अर्थ मी विचारला नाही. चिठ्ठी दाखवायला मी वळलो तर मागे कोणी नव्हतं. मुलगी लांब कारमध्ये, काचा वर करून, मान खाली घालून बसली होती. मीच बसवलं होतं. मी जाऊन काचेवर टकटक केलं आणि चिठ्ठी काचेला लावली. तिने आतून वाचली. मग काच खाली केली आणि आधी मला नीट वरपासून खालपर्यंत बघितलं, कुठे लागलंय का.

येताना कारमध्ये ती म्हणाली, "बाबा, आता गाडी घराबाहेर काढावी लागेल."

म्हटलं, "शब्द दिलाय."

काढली. त्याच संध्याकाळी. बोळात जिन्याखाली जागा केली, ताडपत्री घातली, दोन कुलपं लावली. बाहेरची खोली एवढी मोठी आहे हे मला माहीतच नव्हतं. फरशीवर गाडीच्या जागी ऑइलचा एक काळा डाग राहिला. मुलगी पुसायला लागली, मी पुसू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन दिवाणाकडे निघालो तर माझे पाय त्या रिकाम्या जागेला वळसा घालून गेले. अजून जातात. परवा लाईटबिलवाला आला, तोही वळसा घालून गेला. त्याला विचारलं का, तर म्हणाला, सवय.

एक अडचण झाली. दुसऱ्या फेरीनंतर इंजिनातून खुळखुळ्यासारखा आवाज यायला लागला. ते तिरकं बसलेलं बेअरिंग. मी आधीच ओळखायला पाहिजे होतं. जिन्याखाली काम करायला उजेड नाही, म्हणून इंजिन उतरवून आत आणलं आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं. मुलगी आली होती, तिने बघितलं.

"आईला काय शब्द दिला होता?"

"गाडी घराबाहेर. गाडी बाहेर आहे. इंजिनाचं काही ठरलं नव्हतं."

तिने फ्रिज उघडला, बर्फाच्या कप्प्यात नारळाशेजारी नवीन बेअरिंग बघितलं आणि फ्रिज बंद केला. जाताना एवढंच म्हणाली, पिशवीत घाला.

बेअरिंग बसवायच्या दिवशी बहिणीचा फोन आला. तवा परत पाहिजे म्हणाली. मी म्हटलं, अगं, सांगितलं ना, इंजिनाचा आहे. ती म्हणाली, "माहितीये. पण दुसऱ्या कशावर तसं थालीपीठ होत नाही. ह्यांनीच आणायला सांगितलाय."

मी म्हटलं, जरा थांब, तवा मोकळा नाही. फोन खांद्यावर धरला, एका हातात फडक्यात बेअरिंग, दुसऱ्या हाताने पेटीवर शिपका मारला. वाफाळलं. पुन्हा मारला. ऐकलं. चर्र.

"आता," मी म्हणालो आणि सोडलं. टक्.

"आता काय?" बहिणीने फोनवर विचारलं.

म्हटलं, तुला नाही.